सोलो तुझा, भराव बाकीच्यांचा

पत्र असं आलंय:

"दादा नमस्कार. सांगलीत आमचा चौघांचा कव्हर बँड आहे, सिंगर, बेस, ड्रम्स आणि गिटारवर मी एकटाच. जुनं रॉक वाजवतो, मध्ये मध्ये हिंदी-मराठी गाणी, कॉलेजची गॅदरिंग, एखादं हॉटेल, कधी कुणाचं रिसेप्शन. गाणं चालू असेपर्यंत सगळं भारी वाटतं पण मी सोलो सुरू केला की मागचं सगळं रिकामं होतं. मागच्या शोला एका मित्राने तोंडावर सांगितलं की सोलोला लाईट गेल्यासारखं वाटलं. आता बेसिस्ट म्हणतो दुसरा गिटारिस्ट घेऊ, ड्रमर म्हणतो लॅपटॉपवर ट्रॅक लावू, आणि मी लूपर (वाजवलेला तुकडा धरून तोच परत परत वाजवणारं पेडल) घ्यायचा म्हणून पंधरा हजार जमवलेत. सिंगर काहीच म्हणत नाही, तो सोलोच्या वेळी पाणी प्यायला जातो. काय करू? – एकुलता गिटारिस्ट"

अरे एकुलत्या,

सगळ्यात आधी, ते पंधरा हजार आहेत तिथेच राहू देत. मी बरीच वर्षं बेस वाजवलाय, त्यातली जास्त वर्षं एका गिटारच्या बँडमध्येच गेली, आणि तुझा प्रॉब्लेम मला आतून माहितीये कारण तो खड्डा माझ्या डोक्यावरच पडायचा. तुझ्या पत्रात एक गोष्ट लगेच जाणवली, चौघांपैकी तिघांनी उपाय सांगितलाय तो बाहेरून काहीतरी आणायचा. नवीन माणूस येईल, लॅपटॉप येईल, लूपर येईल. सोलोच्या वेळी मी काय वेगळं वाजवू हे बेसिस्टने विचारलं नाही, ड्रमरने विचारलं नाही, सिंगर तर स्टेजवरच नसतो. आणि माझं म्हणणं असंय की भराव तिथूनच यायला पाहिजे, त्या तिघांकडून.

आधी खड्डा पडतो म्हणजे काय होतं ते बघ. तुझ्या गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झची, बेसची जाड ई त्याच्या बरोबर निम्मी, ४१ ची. तू कॉर्ड, म्हणजे बरेच सूर एकदम, वाजवत असतोस तेव्हा तू बेसच्या डोक्यावर बसलेला असतोस आणि तिथून वरचा सगळा मधला पट्टा तुझ्याकडे असतो, सहा तारा, वर आवाज फोडणारं डिस्टॉर्शन, म्हणजे भिंतच. मग सोलो येतो आणि तू बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या घराच्या, वर जातोस, बारीक ई तारेवर बारावा फ्रेट म्हणजे ६५९ हर्ट्झ, आणि आता एका वेळी एकच तार वाजतेय. खाली बेस गुरगुरतोय, वर तू किंचाळतोयस, आणि मधला मजला अख्खा रिकामा. आणि हे फक्त गिटारचं झालं, त्याच क्षणी गायकही थांबतो ना! गाताना त्याचा आवाज त्याच मधल्या मजल्यावर असतो. म्हणजे सोलो सुरू होताना एक नाही, दोन माणसं एकदम घर सोडून जातात आणि आपण दोष मात्र फक्त गिटारला देतो. हे मला स्वतःला कळायला फार वेळ लागला आणि कळल्यावर निम्मा प्रॉब्लेम तिथेच सुटला.

त्यात ऐकणाऱ्याच्या कानात रेकॉर्डिंग बसलेलं असतं. स्टुडिओत सोलोच्या खाली कॉर्ड धरणारी रिदम गिटार चालूच असते, बऱ्याचदा दोनदा वाजवून एक डावीकडे एक उजवीकडे ठेवलेली. पण तसं नसलं तरी चालतं हे पण रेकॉर्डवरच सिद्ध झालंय. व्हॅन हेलन या बँडचा १९७८ चा पहिला अल्बम काढ आणि फक्त सोलोच्या जागा ऐक, बऱ्याच ठिकाणी खाली दुसरी गिटारच नाहीये, फक्त बेस आणि ड्रम्स, आणि तरी कुणाला रिकामं वाटलं नाही.

एक काम कर, पुढच्या प्रॅक्टिसला फोन रूमच्या लांबच्या कोपऱ्यात ठेवून रेकॉर्डिंग कर. तुझ्या अँपसमोर नको, तिथे तुला फक्त तूच ऐकू येणार. आणि मग एकच गाणं दोनदा वाजवा, एकदा तुझ्या सोलोसकट आणि एकदा त्या जागी तू हात खाली ठेवून गप्प उभा राहा, बाकीच्यांनी नेहमीसारखं वाजवायचं. ते दुसरं रेकॉर्डिंग चौघांनी बसून ऐका. त्या सोळा बारमध्ये (एक बार म्हणजे बहुतेक चार मात्रा) गाणं ओळखू येतंय का, कॉर्ड कुठली चालू आहे हे कळतंय का, मान डोलतेय का? नसेल तर खड्डा सोलोमुळे पडत नाहीये, तो आधीपासूनच आहे आणि तू एरवी त्याच्यावर गालिचा टाकून ठेवतोस एवढंच. ही टेस्ट बँडमध्ये भांडण न लावता सगळं सांगून टाकते.

तबल्याचा सोलो ऐकलायस ना? तबलजी कायदे, रेले, तुकडे काय वाट्टेल ते वाजवतो, कुठल्या कुठे जातो, पण शेजारी पेटीवाला किंवा सारंगीवाला एकच छोटा लेहरा, म्हणजे सुरावट, धरून बसलेला असतो, तीनताल असेल तर सोळा मात्रांचा, तोच तोच, न कंटाळता. तबलजी मोकळा उडतो कारण लेहरा हलत नाही. आणि ऐकणाऱ्याला पण सम कुठे आहे ते लेहऱ्यामुळेच कळतं. रॉकमध्ये हेच उलटं झालंय, एरवी लेहरा धरणारा गिटारवालाच सोलोला उठतो आणि त्याची जागा कुणालाच दिलेली नसते. तर तुमच्या बँडमध्ये आता सोलोपुरता लेहरा बेसिस्टकडे द्यायचाय. तू जो रिफ, म्हणजे परत परत येणारा छोटा तुकडा, गाणंभर वाजवतोस तो सोलोच्या वेळी बेसने उचलायचा, जसाच्या तसा, आणि शेवटपर्यंत सोडायचा नाही. ज्या गाण्यांमध्ये ठळक रिफ आहे तिथे एवढ्याने सुद्धा अर्धं काम होतं, विश्वास ठेव.

पण नुसता रिफ देऊन भागत नाही, आवाज पण मधल्या मजल्यावर चढवावा लागतो, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण हा माझ्या आवडीचा विषय आहे. तू सांगलीचा, मिरज तुझ्या शेजारी, तानपुरा जुळवताना बघितला असशील. तारेखाली घोडीवर तो बारीकसा दोरा सरकवतात आणि एका जागी तो बसला की तीच तार एकदम बोलायला लागते, एका सुरातून पाच-सहा सूर निघाल्यासारखे वाटतात, खोली भरते. जवारी लागली की तार मूळ सुराबरोबर वरचे स्वर पण भरपूर द्यायला लागते. बेसला ड्राइव्ह लावला, म्हणजे त्याचा आवाज मुद्दाम थोडा फोडला, की नेमकं हेच होतं. साधा क्लीन बेस ४१, ५५, ८० अशा हर्ट्झमध्ये बसलेला असतो, पोटात जाणवतो पण कानात फार कमी येतो, छोट्या स्पीकरवर तर अजिबात नाही. त्याला थोडा चरचरीतपणा दिला की त्याच सुराचे दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वर उभे राहतात आणि ते बरोब्बर तिथे जाऊन बसतात जिथून तुझी रिदम गिटार उठून गेलीये. द हू या बँडचा बेसिस्ट जॉन एंटविसल हेच करायचा, भरपूर ट्रेबल, भरपूर आवाज, फुटलेला टोन. त्यांचं फेब्रुवारी १९७० मधलं लीड्स युनिव्हर्सिटीतलं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐक, स्टेजवर गिटार एकच आणि तरी सुई शिरायला जागा नाही. मोटरहेड बँडचा लेमी तर रिकनबॅकर बेस मार्शल अँपमधून वाजवायचा, तो पण कॉर्ड लावून, गिटारवाल्यासारखा.

आता यात एक चूक सगळे करतात, मी पण केलीये, ती म्हणजे गिटारचं डिस्टॉर्शन पेडल बेसला लावणं. आवाज फुटतो छान पण खालचं सगळं पोट निघून जातं आणि सोलोला बँड भरण्याऐवजी अजून हडकुळा होतो. त्यामुळे ज्यात ब्लेंडचं बटण आहे असंच पेडल हवं, म्हणजे क्लीन आवाज तसाच खाली राहतो आणि त्याच्यावर फुटलेला आवाज मिसळता येतो, निम्मा-निम्मा पासून सुरू करा. ड्राइव्ह कमीच ठेवा, एकट्याने वाजवताना जेवढा बरा वाटतो त्याच्याही कमी, कारण बँडमध्ये तो गिटारसारखा ऐकू यायला लागतो. आणि पेडल दाबल्यावर आवाज मोठा झाला नाही पाहिजे, फक्त जाड झाला पाहिजे, हे प्रॅक्टिसलाच जुळवून घ्या नाहीतर साउंडवाला बरोबर त्याच वेळी बेसचा फेडर खाली ओढणार. तुझ्या बेसिस्टकडे एखादं साधं मल्टीइफेक्ट्स असेल तर त्यात हे बहुतेक मिळेलच, आधी तेच बघा. काहीच नसेल तर अँपवरचा मिड, साधारण ७००-८०० हर्ट्झच्या आसपास, थोडा वर आणि प्लेक्ट्रमने वाजवायचं, एवढ्यानेही फरक पडतो.

हळू गाण्यांना ड्राइव्ह शोभत नाही, तिथे बेसिस्टला दहावा शिकव. म्हणजे जाड ई तारेवर मूळ सूर आणि त्याच वेळी जी तारेवर त्याचा गंधार, एक सप्तक वरचा. ई तारेवर पाचव्या फ्रेटला ए धरलास तर जी तारेवर सहाव्या फ्रेटला सी शार्प, झाला ए मेजर, आणि तोच पाचव्या फ्रेटला घेतलास तर ए मायनर. एवढं सोपं आहे, मायनरला दोन्ही बोटं एकाच फ्रेटला, मेजरला वरचं बोट एक घर पुढे. खालचा सूर खाली राहतो, वरचा सूर मधल्या मजल्यावर जातो, आणि दोनच सुरांत कॉर्ड मेजर की मायनर ते लोकांना कळतं. बोटांनी एकदम चिमटीत धरून वाजवायचं, अंगठा खाली, मधलं बोट वर. याउलट पंचम लावून जाड कॉर्ड वाजवायची हौस असेल तर ती खाली नको, गढूळ होतं सगळं, ए तारेवर सातव्या फ्रेटच्या वर जाऊन लावायची. पण वर गेलं की पाया सुटतो हे लक्षात ठेवायचं, म्हणून गाणं ई किंवा ए मध्ये असेल तरच, म्हणजे खालची मोकळी तार मध्ये मध्ये ठोकता येते.

आणि बेसिस्टला हे पण सांग की सोलोला भराव म्हणजे जास्त सूर नाही. ब्लॅक सॅबथमध्ये बेसवर गीझर बटलर टोनी आयोमीच्या गिटार सोलोखाली भरपूर फिरतो आणि ते सुंदर वाटतं, पण व्हॅन हेलनमध्ये बेसवर मायकल अँथनी बऱ्याचदा मूळ सुरावर एका बारला सरळ आठ स्ट्रोक धरून बसतो आणि ते पण भिंतीसारखं उभं राहतं. वरती तू खूप धावणार असशील तर खाली स्थिर माणूस लागतो. दोघं एकदम धावले तर ऐकणाऱ्याला धरायला काहीच उरत नाही. तुमचा बेसिस्ट कुठल्या जातीचा आहे ते तुम्हाला माहिती, त्याप्रमाणे ठरवा, पण ठरवा, ऐनवेळी बघू असं नको.

ड्रमरचं काम सोपं आहे आणि बहुतेक ड्रमर ते उलटं करतात. सोलो आला की त्यांना पण चेव येतो आणि प्रत्येक दोन बारला रोल टाकतात, मग तुझी फ्रेज आणि त्याचा रोल एकमेकांच्या पायात पाय घालतात. त्याला म्हणावं, हाय-हॅटच्या जोड झांजेवरून राइडच्या मोठ्या झांजेवर जा, मोठ्या जागी क्रॅश नावाची झांजच राइडसारखी वाजव, सिंबलचा तो सलग सळसळाट वरचा भाग भरून काढतो आणि जागा मोठी वाटते. किक, म्हणजे पायाचा ड्रम, जरा घट्ट, बेसच्या रिफला चिकटून. रोल फक्त आठव्या आणि सोळाव्या बारच्या शेवटी. बास. मात्र छोट्या हॉटेलात, जिथे छत खाली आहे, तिथे क्रॅश नको, तिथे तुझी गिटारच गायब होईल त्या आवाजात, तिथे राइडची बेल किंवा अर्धवट उघडा हाय-हॅट.

आता पाणी पिणारे सिंगर. त्याच्याकडून मला फार अपेक्षा आहेत! सांगलीत ज्याने थोडंफार गाणं शिकलंय त्याचा हात कधी ना कधी पेटीवर बसलेला असतोच, त्याला विचार. असेल तर घरातला असेल तो साधा कीबोर्ड स्टँडवर ठेवा, ऑर्गनचा आवाज लावा, आणि सोलोला त्याने एका हाताने तीन सूर धरून ठेवायचे, कॉर्ड बदलली की हात बदलायचा, एवढंच, काहीही नक्षी नको. पट्टी मधलीच, मधला सी २६२ हर्ट्झचा, त्याच्या एक सप्तक खाली ते एक सप्तक वर एवढ्यातच फिरायचं कारण रिकामा मजला तोच आहे. डावा हात अजिबात लावू द्यायचा नाही, तो बेसच्या ताटात जेवायला जातो. आवाज इतका हळू की आहे हे कळू नये पण बंद केला की चुकल्यासारखं वाटावं. पेटी येत नसेल तर लांब "आ" किंवा "ऊ" धरता येतो, गाण्याच्या कोरसची शेवटची ओळ सोलोखाली हळू म्हणता येते, नाहीतर टँबुरिन. टँबुरिनने सूर भरत नाही पण गाणं चालू असल्याची जाणीव भरते आणि तो माणूस स्टेजवर दिसतो, याला मी खूप किंमत देतो, कारण गायक निघून गेला की लोकांची नजर पण निघून जाते.

तीन कॉर्ड येत असतील तर त्याच्या गळ्यात गिटार अडकवा. अकूस्टिक चालेल, डीआयमधून, म्हणजे जोडणीच्या छोट्या डब्यातून, थेट मिक्सरला. मग दुसरा गिटारिस्ट शोधायचा प्रश्नच संपला, तो आधीच बँडमध्ये आहे.

आणि आता तू. तुझ्याबद्दल मुद्दाम शेवटी लिहितोय. तू सोलोला काय करत असशील याचा अंदाज आहे मला, ड्राइव्ह वाढवतोस, आणखी एक पेडल पेटवतोस, आणि आवाज मात्र मागे जातो. गेन, म्हणजे आवाज किती फुटतो ते, वाढवला की सूर लांबतो पण आवाज दबतो, सपाट होतो. बूस्ट, म्हणजे आवाज वाढवणारं पेडल, डिस्टॉर्शनच्या आधी लावलास तर फक्त गेन वाढतो, मोठेपणा नाही. तो डिस्टॉर्शनच्या नंतर हवा, अँपला इफेक्ट्स लूपची (पेडल मध्ये जोडायची) जागा असेल तर तिथे, ३ ते ५ डेसिबल, जास्त नाही. खूप वर उडी मारलीस तर बँड तुझ्यामागे आणखी लहान वाटतो, खड्डा आपणच खोल करतो. मिड वाढव, बास कमी कर, गेन रिदमपेक्षा थोडा कमी ठेवून बघ, भीती वाटेल पण बघ.

डिले, म्हणजे वाजवलेला सूर थोड्या वेळाने परत ऐकवणारं पेडल, लाव, तोच तुझा साथीदार. गाण्याच्या लयीत बसवलेला असला पाहिजे, साठ हजार भागिले गाण्याचा टेंपो (मिनिटाला किती मात्रा) म्हणजे एका मात्रेचे मिलिसेकंद येतात, १२० ला ५००, ९६ ला ६२५. दोन-तीन वेळा परत यावा, मूळ आवाजाच्या पाव हिस्सा, म्हणजे तू श्वास घेतोस तेव्हा मागे तुझाच सूर विरत असतो आणि फट दिसत नाही. द पोलीस या तिघांच्या बँडमध्ये गिटारिस्ट अँडी समर्सने आवाज असाच भरला, एकोप्लेक्सचा एको, आवाज लहरवणारा फ्लँजर आणि मोकळ्या, पसरलेल्या कॉर्ड, गेन फारसा नाहीच. फक्त मंगल कार्यालयात वाजवताना डिले-रिव्हर्ब निम्मा कर, त्या फरशा आणि भिंती आधीच भरपूर घुमतात.

पण पेडलपेक्षा मोठी गोष्ट सांगू का, तू सोलोमध्ये रिदम पूर्ण सोडतोस ते सोडू नकोस. रेकॉर्डवरचा सोलो सुरासुराने बसवलायस हे कौतुकाचं आहे पण तो सोलो दुसऱ्या गिटारच्या आधारावर लिहिलेला होता. तुझ्याकडे तो आधार नाही तर तू त्यात थोडा बदल करायलाच पाहिजे. दोन फ्रेजच्या मध्ये खालच्या तारेवर एक कॉर्ड हाण. एकेरी सुराच्या जागी जिथे जमेल तिथे दोन तारा एकदम. ई किंवा ए मधल्या गाण्यात मोकळी तार वाजत ठेव. सुरुवात बाराव्या फ्रेटवरून नको, पाचव्याच्या आसपास डी आणि जी तारेवर कर, तिथे आवाज जाड आहे आणि मधल्या मजल्यापासून फार लांब नाही, मग हळूहळू वर चढ, तोपर्यंत लोकांच्या कानाला सवय झालेली असते. लोकांना ओळखीची ती एक-दोन वाक्यं जशीच्या तशी ठेव, सुरुवातीची आणि शेवटची, मधलं कुणी मोजत नाही. आणि शेवटी समेवर ये, सगळ्यांनी मिळून, तिहाई घेतल्यासारखं, म्हणजे सोलोतून परत गाण्यात येताना चौघं एकदम पडले पाहिजेत. हा एक क्षण नीट पडला ना तर आधीचं थोडं पातळ असलं तरी लोक विसरतात.

आणि एक, हे कुणी करत नाही आणि फुकट आहे. सोलोच्या आधीचा कोरस जरा आवरा. तू पूर्ण गाणं दहापैकी दहावर वाजवतोस आणि मग सोलोला सहावर येतोस, म्हणून लाईट गेल्यासारखं वाटतं. गाण्यात कडव्याला सहा तारांऐवजी दोन-तीनच वाजव, आवाजाचं बटण थोडं खाली, कधी कधी चार बार पूर्ण थांब आणि बेस-ड्रम्सवर गाऊ दे. मग लोकांच्या कानाला गिटारशिवायचा बँड आधीच ओळखीचा होतो. हे मला ऑर्केस्ट्रात एका वयस्कर अकॉर्डियनवाल्याने शिकवलं, ते म्हणायचे पुढे पीस असेल तर आधी हात आखडता ठेव, आणि मी आजही बेस वाजवताना ते पाळतो.

आता लूपर. माझा अनुभव सांगतो. एका रिसेप्शनला आमच्या गिटारिस्टने कडव्यातला रिदम लूपरवर धरला आणि सोलोला सोडला, पहिले चार बार स्वर्ग वाटला. पण लूपर ड्रमरचं ऐकत नाही, लोक नाचायला लागले तसा ड्रमर किंचित चढला आणि आठव्या बारपर्यंत लूप अर्धी मात्रा मागे, बंद करायला पाय नेमका चुकला आणि ते मागे पडलेलं गिटार कोरस सुरू झाला तरी वाजतंय. वाईट वाटलं सगळ्यांनाच, गाणं थांबवून परत सुरू करावं लागलं. लूपर वाईट वस्तू नाही, पण तो वापरायचा तर त्याचा आवाज ड्रमरच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, सगळ्यात मोठा हवा आणि ड्रमरने त्याच्या मागे जायची तयारी हवी, आणि छोट्या हॉटेलात धड एक मॉनिटर मिळत नाही हे तुला माहितीच आहे. लॅपटॉपच्या ट्रॅकचं पण तेच, ड्रमरच्या कानात क्लिक, म्हणजे लयीचे ठोके, पाहिजे, तीही पूर्ण गाणंभर, आणि सोलो चार बार लांबवावा असं वाटलं तरी लांबवता येणार नाही. मला ते नको वाटतं, चौघांचा बँड आहे तर चौघांचाच ऐकू येऊ दे. फारच हौस असेल तर एक कॉर्ड पकडून धरून ठेवणारं फ्रीझ पेडल बघ, त्याला लयच नसते त्यामुळे चुकायला काही नाही, तानपुऱ्यासारखं मागे वाजत राहतं. पण कॉर्ड सारख्या बदलणाऱ्या गाण्यात ते उपयोगाचं नाही, एकाच कॉर्डवर रेंगाळणाऱ्या सोलोलाच ठीक.

गाणी पण जरा निवडून घ्या. एसी/डीसी ऐकायला सोपं वाटतं पण अँगस यंग सोलो घ्यायचा तेव्हा त्याचा भाऊ माल्कम दुसऱ्या गिटारवर खाली खिळा ठोकल्यासारखा तोच रिदम धरून असायचा, ती दोन गिटारचीच गाणी आहेत, तिथे तुमच्या गायकाच्या गळ्यात गिटार नसेल तर ती सध्या बाजूला ठेवा. आयर्न मेडनची जोडीने चालणारी गिटार एकट्याने वाजवलीस तर अर्धं गाणंच जातं. पिंक फ्लॉइडच्या लांब सोलोंखाली ऑर्गन आणि कीबोर्डची चादर असते, आणि १९७७ च्या टूरला त्यांनी स्नोवी व्हाइट हा जादा गिटारिस्ट पण बरोबर नेला होता, म्हणजे बघ. याउलट क्रीम, हेंड्रिक्स, झेप्लिन, सॅबथ, झीझी टॉप, हे सगळे स्टेजवर एकाच गिटारचे, त्यांच्या गाण्यांचा सांगाडाच तसा आहे, ती गाणी सेटमध्ये वाढवा. हिंदी-मराठी गाण्यांत सोलोऐवजी मूळ म्युझिक पीस वाजवणार असाल तर तो तू आणि बेस मिळून एक सप्तक अंतराने वाजवा, एकदम भरीव लागतो.

दुसरा गिटारिस्ट घेऊ नका असं मी म्हणत नाही. चांगला पोरगा मिळाला, मनाने जुळला, तर घ्या. पण खड्डा बुजवायला म्हणून घेऊ नका, तो आला तरी सोलोच्या वेळी तुम्ही बाकीचे काय वाजवता हा प्रश्न तसाच राहतो, आणि पैसे पाचात वाटायचे ते वेगळं.

येत्या प्रॅक्टिसला सगळं एकदम करू नका. तीनच गाणी घ्या, एक रिफवालं, एक हळू, एक नाचाचं. पहिला तास तू सोलो वाजवूच नकोस, तिघांनी त्या जागा भरायच्या आणि तू लांबच्या कोपऱ्यात उभा राहून ऐकायचं. त्यांचं ऐकायला छान वाटायला लागलं की मग गिटार गळ्यात घे आणि त्यांच्यावर वाजव. बेसिस्टकडे ब्लेंडवालं पेडल नसेल तर तुझ्या त्या पंधरा हजारांतून त्याला एक घेऊन दे, सोलोला लूपरपेक्षा जास्त कामाला येईल. महिन्याभराने त्याच कोपऱ्यातून केलेलं रेकॉर्डिंग मला पाठव, सोलो कितव्या मिनिटाला आहे ते लिहून, आणि सिंगरच्या हातात काय दिलंत ते पण कळव.

तुझा,
दादा